गडावर आधी पाणी शोधा

डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पन्हाळ्यावर जा. एसटीच्या चार-पाच गाड्या एकामागोमाग लागलेल्या दिसतात. शिट्टी वाजते, गणवेशातली मुलं दोन-दोनच्या रांगेत उतरतात. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी भराभर पाहून होतात, फोटो निघतात, झुणका-भाकर खाऊन गाडी जोतिबाकडे वळते. संध्याकाळी मुलं दमून आणि खुशीत घरी येतात. ती खुशी खरी असते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावं, ‘एवढ्या उंचावर हजारो माणसं राहायची, त्यांना पाणी कुठून मिळायचं?’ तर वर्ग गप्प बसतो. मुलं गड बघून आलेली असतात, पण गड म्हणजे काय ते त्यांना भेटलेलं नसतं.

मी स्वतः सुरुवातीला अशाच सहली काढल्या. पहिल्या खेपेला साठ मुलांना तीन दरवाजात उभं करून पाऊण तास इतिहास सांगितला. तयारी चोख होती, सनावळ्या पाठ होत्या. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. शेवटी पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं हळूच विचारलं, “सर, आता जवळ जाऊन बघू का?” ती पाऊण तास फक्त बघायची परवानगी मिळण्याची वाट बघत होती. तेव्हापासून माझ्या सहलींचा क्रम उलटा झाला. मुलं आधी बघतात, मोजतात, आपसात वाद घालतात. सांगणं त्यानंतर येतं आणि तेही थोडंच.

निसर्ग आणि इतिहास एकत्र शिकवणारी अशी सहल नेमकी कशी बांधायची, ते इथं टप्प्याटप्प्यानं मांडतो. उदाहरण पन्हाळ्याचं घेतो. कोल्हापूरपासून तो जेमतेम २० किलोमीटरवर आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत तो आहे. आपल्या मुलांच्या डब्याच्या अंतरावर जागतिक वारसा आहे. तो नीट दाखवणं ही आपली जबाबदारी आहे.

दिवसभराचा एकच प्रश्न

सहलीचं सूत्र म्हणून एकच प्रश्न निवडावा. पन्हाळ्यासाठी माझा प्रश्न ठरलेला आहे: ‘पाणी कुठून?’ या एका प्रश्नाला धरून दगड, झाडं, विहिरी, कोठारं, वेढा, सगळं ओळीनं येतं. जुन्या लेखांत या गडाचं नाव ‘प्रणालक’ असं सापडतं, आणि प्रणाल म्हणजे पाण्याची वाट. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानं इथं किल्ला बांधला, तेव्हाही पहिला विचार पाण्याचाच झाला असणार.

प्रश्न एकच असला की मुलांना काय शोधायचं ते कळतं. आठ ठिकाणं दाखवायचा मोहही आवरतो. एका दिवसात चार ठिकाणं पुष्कळ झाली, प्रत्येक ठिकाणी किमान ४० मिनिटं.

आधीचे पंधरा दिवस

सहलीचं अर्धं काम शाळेत होतं. चौथीच्या मुलांना ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक असतंच, त्यामुळे गोष्ट त्यांना ठाऊक असते. दहावीच्या भूगोलात तर पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. म्हणजे सहलीला अभ्यासक्रमात जागा शोधावी लागत नाही. पुढच्या चार गोष्टी मात्र मुद्दाम कराव्या लागतात.

पहिली, पाऊल मोजणं. मैदानावर टेपनं २० मीटर आखायचे. प्रत्येक मुलानं नेहमीच्या चालीनं ते अंतर चालून आपली पावलं मोजायची आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं, ‘माझं एक पाऊल इतके सेंटिमीटर’. एवढ्यानं गडावर प्रत्येकाकडे स्वतःची मोजपट्टी असते.

दुसरी, दोन दगड. एक जांभ्याचा तुकडा आणि एक काळ्या बसाल्टचा. कोल्हापुरात कुठल्याही बांधकामावर दोन्ही मिळतात. दोन्ही दगड ताटलीत ठेवून प्रत्येकावर चमचाभर पाणी टाकायचं. काळ्यावरून ते ओघळून ताटलीत येतं. जांभ्यात बघता बघता जिरतं. मुलं हे पुन्हा पुन्हा करून बघतात. करू द्यावं.

तिसरी, नकाशा. गडाचा साधा आराखडा काढून त्यावर नावं न घालता द्यावा. नावं मुलांनी वर जाऊन भरायची.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वहीच्या पानाला तीन रकाने आखायचे: ‘पाहिलं’, ‘वाचलं’, ‘ऐकलं’. गडावर जे जे कळेल ते यांपैकी योग्य रकान्यात जायला हवं. दरवाजावरचा शिलालेख ‘पाहिलं’मध्ये. पुस्तकातली तारीख ‘वाचलं’मध्ये. सज्जाकोठीत संभाजीराजांना नजरकैदेत ठेवलं होतं असं गडावर सांगतात, ते ‘ऐकलं’मध्ये. ऐकलेलं खोटं असतं असं नव्हे. पण प्रत्येक गोष्ट आपल्याला कशावरून कळली, हे दहा वर्षांच्या मुलानं स्वतःला विचारायला लागणं म्हणजेच इतिहास शिकायला लागणं.

गट आणि मोठी माणसं

साठ मुलांचा एक घोळका केला की शिकणं संपतं. दहा-दहाचे सहा गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. शिक्षक कमी पडले तर पालकांना बोलवावं. गवंडी काम करणारे वडील असतील तर दगडाच्या ठिकाणी त्यांच्याइतका चांगला शिक्षक मिळत नाही. शेती करणारी आई कोठाराजवळ जे सांगते ते पुस्तकात नसतं. गटांचा क्रम फिरता ठेवावा: एक गट अंबरखान्यात, दुसरा अंधारबावेत, तिसरा तटावर. त्यानं गर्दी टळते आणि दुपारी डबा खाताना ‘तुम्ही काय बघितलं?’ असं मुलं एकमेकांना विचारतात.

मोठ्यांसाठी एक नियम: कुठल्याही ठिकाणी पहिली दहा मिनिटं काही सांगायचं नाही. मुलांनी फिरावं, बघावं, वास घ्यावा. दहाव्या मिनिटाला फक्त विचारायचं, ‘काय काय दिसलं?’

पहिलं ठिकाण: तट आणि दगड

तटाजवळ मुलं लगेच ओळखतात: लाल, भोकाभोकांचा तो जांभा आणि काळा, घट्ट तो बसाल्ट. कुठं कोणता वापरलाय आणि कोरीवकामाला कोणता निवडलाय, हे त्यांनाच शोधू द्यावं. मग गोष्ट सांगावी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून काळा बसाल्ट झाला. पुढं लाखो वर्षं ऊन-पावसानं वरचा दगड कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं. तो जांभा. डोंगराच्या माथ्यावर त्याची टोपी आहे, पोटात बसाल्ट, आणि दोन्हींच्या मध्ये चिकणमातीसारखा मऊ थर.

आता ताटलीतला प्रयोग आठवायला सांगायचा. पाऊस जांभ्यावर पडला की आत जिरतो. खाली उतरता उतरता चिकण थराशी अडतो. पुढं वाट नसल्यानं कडेनं बाहेर येतो, तोच झरा. माथ्यावर खणलेल्या विहिरीला पाणी लागतं ते याच कारणानं. गडावरची नागझरी, तळी, बावी या सगळ्यांमागं हे एकच गणित आहे. डोंगर म्हणजे पाण्यानं भरलेला दगडी स्पंज, असं एका सातवीतल्या मुलानं वहीत लिहिलं होतं. मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही.

त्याच दगडाची दुसरी बाजूही दाखवावी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर येणारा मुख्य रस्ता खचला. डोंगराच्या पोटात पाणी फार झालं की मऊ थर घसरतो. जो दगड पाणी देतो तोच जास्त पाण्यानं हलतो. तटाजवळ पाण्याच्या वाटा का बुजवू नयेत, हे मुलांना इथं वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं ठिकाण: अंबरखाना

गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारं. त्यांतली गंगा कोठी सगळ्यांत मोठी, क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची दहा मीटरहून अधिक. आत शिरलं की उन्हातून आलेल्या डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, मग वरच्या कमानी हळूहळू उलगडतात. आतल्या प्रत्येक खणाच्या छताला वर एक भोक आहे. ते कशासाठी हे सांगायचं नाही. एकदा पाचवीतला एक मुलगा बराच वेळ त्या भोकाखाली मान वर करून उभा होता. मग पळत बाहेर गेला, छतावर जाणारा दगडी जिना बघून आला आणि म्हणाला, “सर, धान्य वरनं वतत असतील की ओ!” त्यानं जिना आणि भोक जोडलं होतं. हे वाक्य मी सांगितलं असतं तर तो दिवस त्याच्या लक्षात राहिला नसता.

मग पावलांचं गणित. मुलं आतून लांबी-रुंदी मोजतात. भिंती आणि खांब वजा जाता ८०० चौरस मीटर जागा मिळाली असं धरू. भात फक्त एक मीटर उंचीपर्यंत पसरला, तर ८०० घनमीटर. घनमीटरला साधारण ६०० किलो धरलं तर ४,८०,००० किलो. गडावर ५,००० माणसं आहेत असं समजू आणि प्रत्येकाला रोज अर्धा किलो भात देऊ. रोजचे २,५०० किलो झाले. भागाकार केला की १९२ दिवस, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त. आणि हे एकाच कोठारातलं, तेही मीटरभर उंचीचं. इथं कुणीतरी म्हणतंच, “भाताचं तूस जाईल की!” उत्तम. तेवढं वजा करायला लावावं.

आता खरा प्रश्न. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत, चार महिन्यांहून थोडा जास्त चालला. गडावर पाणी होतं, कोठारं एवढी मोठी होती. मग शिवाजी महाराज भर पावसात बाहेर का पडले? मुलं चांगलीच गोंधळतात. ‘धान्य संपलं म्हणून’ हे सोपं उत्तर त्यांच्याच गणितानं अडलेलं असतं. उत्तर गडाबाहेर आहे. शायिस्तेखान त्याच वेळी पुणे प्रांतात येऊन बसला होता. पावसाळ्यात वेढा सैल पडेल ही आशा जौहरनं खोटी ठरवली होती. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला होता. गडावर खायला असूनही राजा अडकून पडणं स्वराज्याला परवडणारं नव्हतं. हे समजल्यावर पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद आणि घोडखिंडीतले बाजीप्रभू यांनी कशासाठी जीव दिला, हे मुलांना नव्यानं कळतं. त्यावेळी होणारी शांतता मी अनेकदा अनुभवली आहे.

तिसरं ठिकाण: अंधारबाव

तीन दरवाजाजवळची ही तीन मजली वास्तू बाहेरून विहीर वाटतच नाही. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांसाठी जागा. वेढा घालणारा शत्रू आधी पाणी नासवायला बघतो, म्हणून पाणीच इमारतीच्या पोटात लपवलं. जिना उतरण्याआधी बाहेर थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, आत पाच मिनिटं थांबून पुन्हा लिहायचा. फरक मुलांच्या अंगावरही येतो. मग एक मिनिट अगदी गप्प उभं राहायचं. काय ऐकू आलं, ते प्रत्येकानं एका ओळीत लिहायचं. इथं एका वेळी एकच गट न्यावा. पायऱ्या ओलसर असतात.

चौथं ठिकाण: सडा

लहान मुलांचा दिवस तबक उद्यानातल्या झाडांखाली संपवावा. आठवी-नववीच्या मुलांना मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात पन्हाळ्याच्या पश्चिमेच्या मसाई पठारावर न्यावं. हा जांभ्याचा उघडा सडा. दगडावर माती बोटभर, पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, आणि तेवढ्या चिखलात फुलांचा गालिचा उगवतो: तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं.

सुतळीचा एक मीटरचा चौकोन जमिनीवर ठेवून चौघांनी त्याभोवती गुडघ्यांवर बसायचं. दहा मिनिटांत त्या चौकोनात किती प्रकारची झाडं आहेत ते मोजायचं. फुलं तोडायची नाहीत, चौकोनाच्या आत पाय ठेवायचा नाही. नजर जमिनीला लागली की दवबिंदू दिसतो. रुपयाएवढं झाड, पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्यावर चिलटं अडकलेली असतात. झाड किडे का खातं? कारण पायाखालच्या या पातळ मातीत नत्र फार कमी आहे, ते झाड किड्यांतून मिळवतं. सीतेच्या आसवांच्या मुळाशी तर सूक्ष्म पिशव्या असतात, पाण्यातले बारीक जीव त्या आत ओढून घेतात.

मग मान वर करायला सांगायची. महाराजांची पालखी विशाळगडाकडे निघाली ती याच पठारावरून, असं सांगतात. जुलैचा पाऊस, काळोख, पायाखाली निसरडा दगड आणि घोट्याएवढं पाणी. आत्ता ज्या चिखलात गुडघे टेकलेत, त्यातून खांद्यावर पालखी घेऊन धावायचं होतं. मातीच्या जाडीचा आणि १६६० च्या त्या रात्रीचा संबंध मुलांना इथं गुडघ्यांत कळतो.

परवानगी, खर्च, काळजी

शिक्षण विभागाची परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, मुलींबरोबर शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी आणि दम्याची किंवा ॲलर्जीची मुलं कोणती याची यादी, एवढं झाल्याशिवाय गाडी हलू नये. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत मिळते, ती जरूर घ्यावी.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरडा करत त्यांच्या जवळ जायचं नाही. धुक्यात तटाच्या कडेला जायचं नाही. पन्हाळा हे केंद्र सरकारनं संरक्षित केलेलं स्मारक आहे. भिंतीवर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मुलांना स्पष्ट सांगावं. पण दंडाच्या भीतीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते. ज्या मुलानं एक भिंत पावलांनी मोजली आहे, ते तिच्यावर खिळा ओढत नाही.

परतल्यावर

‘माझी सहल’ हा निबंध देऊ नये. तो सगळ्यांचा सारखाच येतो. त्याऐवजी मुलांनी आठवणीतून गडाचा नकाशा काढावा. प्रत्येक गटानं ‘पाणी कुठून?’ याचं उत्तर एका पानात, चित्रासह द्यावं. आणि प्रत्येकानं न सुटलेला एक प्रश्न फळ्याशेजारच्या कागदावर लिहावा. ते प्रश्न वर्षभर तिथंच राहू द्यावेत. तीन रकान्यांचं पान सगळ्यांसमोर वाचावं. ‘हे तुझ्या वाचलंमध्ये कसं, माझ्या ऐकलंमध्ये आहे’ असा वाद झाला तर सहल वसूल झाली.

कोल्हापूरला या वाटेची परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मूल अनुभवातून शिकतं या विश्वासावर शाळा उभी करून दाखवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आले, ते आपल्याकडे नवं नाही.

गाडीचा खर्च झेपत नसेल तर शहरातच अर्धा दिवस चालावं. पंचगंगा घाटावरून ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जायचं. तिथं १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, सातवाहन काळातली वस्ती सापडली. मग टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीवरच मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती बघायची. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला? घाटवाटा, कोकणातली बंदरं, परदेशी जहाजं असा सगळा नकाशा त्या वीतभर मूर्तीतून उघडतो. इथंही सुरुवात नदीपासून, म्हणजे पाण्यापासूनच होते.

एका वर्षी सहलीनंतर आठवड्यानं मी वर्गात गेलो. न सुटलेल्या प्रश्नांच्या कागदावर एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आपल्या शाळेच्या नळाला पाणी कुठून येतं?’ कुणालाच सांगता येईना. चार मुलं टाकीपर्यंत गेली, कुणी घरी विचारून आलं. मग नकाशा उघडला आणि बोट काळम्मावाडी धरणापर्यंत सरकवलं. २०२३ साली थेट पाइपलाइननं तिथलं पाणी शहरात आलं. दूधगंगेचं, पन्नास किलोमीटरहून लांबचं. मुलांनी ती रेघ नकाशावर निळ्या पेन्सिलीनं ओढली. नंतर मधल्या सुट्टीत एक मुलगा पाणी पिऊन नळ उघडाच ठेवून निघाला, तर तिघांनी त्याला मागं बोलावलं.